नववीतल्या नातवाची गाडी आणि आजोबांचे एक लाख दहा हजार

नमस्कार ताई,

तुमचं पत्र नीट वाचलं. मुलगा नववीत, जूनमध्ये चौदा पूर्ण झाली. संध्याकाळी नागपुरातच मनीषनगरहून काँग्रेसनगरला ट्यूशन. आजोबांनी नातवाच्या पहिल्या गाडीसाठी १,१०,००० रुपये काढून ठेवलेत. शोरूमने पेट्रोल स्कूटरचं कोटेशन दिलंय, एक्स-शोरूम ८५,००० आणि ऑनरोड १,०२,०००. दुसरीकडे लो-स्पीड बॅटरी स्कूटर ६८,००० ला मिळतेय. मिस्टरांचं म्हणणं, आज ना उद्या गाडी लागणारच आहे, तर भाव वाढायच्या आत घेऊन टाकू. शोरूममध्ये दोन हजार भरूनही झालेत.

पेट्रोलची स्कूटर आत्ता घेऊ नका. हे मी अगदी ठामपणे सांगतो.

आधी मिस्टरांचा भाववाढीचा मुद्दा बघू, कारण तो बिनबुडाचा नाही. दरवर्षी चार टक्क्यांनी किंमत वाढली असं धरलं, तर आजची १,०२,००० ची गाडी चार वर्षांनी १,१९,००० च्या आसपास जाईल. आता एक लाख दहातले ९०,००० चार वर्षांच्या एफडीत ठेवा. साडेसहा टक्के व्याज धरलं तरी १,१६,००० च्या वर होतात. म्हणजे थांबण्याची किंमत जेमतेम तीन हजार रुपये. आणि आज घेतलेल्या गाडीचं काय होतं? मुलाला अठरा पूर्ण होतील तेव्हा ती चौथ्या वर्षात असेल. विमा कंपन्या तीन वर्षांपुढच्या गाडीची किंमत चाळीस टक्क्यांनी कमी धरतात, म्हणजे ८५,००० चे ५१,०००. शिवाय नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदमच भरावा लागतो. त्यातला बराचसा, मुलाला गाडी चालवायची परवानगीच नसलेल्या काळात संपून जाईल.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. अशा घरात गाडी आली की ‘फक्त कॉलनीत चालवेल’ पासून सुरुवात होते आणि महिनाभरात पोरगा वर्धा रोडवर असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९९ अ हे कलम आलंय. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकच दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. बारावी, कॉलेज, पहिली नोकरी, सगळं लायसन्सशिवाय काढायचं.

अपघात झालाच तर लायसन्स नसल्याने गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो. समोरच्या माणसाला लागलं तर कोर्ट विमा कंपनीला भरपाई द्यायला लावतं आणि कंपनीला ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. गाडी मिस्टरांच्या नावावर, म्हणजे वसुली त्यांच्याकडून. कमावता माणूस गेला किंवा कायमचा जायबंदी झाला तर हा आकडा कित्येक लाखांत जातो. पॉलिसीतला १५ लाखांचा अपघात विमा मालक-चालकाचा असतो, मुलाला त्यातून काही मिळत नाही. घराचं हप्त्यांचं गणित मोडू शकणारी जोखीम तुम्ही एका ट्यूशनसाठी अंगावर घेताय.

कुणी म्हणेल सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं. मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. शोरूममधल्या ११०-१२५ सीसीला ते चालत नाही.

आता बॅटरीची स्कूटर. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर असेल, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या अधिकृत संस्थेने तसं प्रमाणित केलं असेल, तर ती कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. नंबर प्लेट नको, लायसन्स नको. मात्र दुकानात हळूच कानात सांगतात, ‘ताई, ही एक वायर काढली की चाळीसने पळते.’ ती वायर काढली की ती बिननोंदणीची, बिनविम्याची मोटारगाडी झाली आणि वरचं सगळं पुन्हा लागू. त्या मॉडेलच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. द्यायला टाळाटाळ केली तर तिथून उठा. बॅटरी लेड-ॲसिड असेल तर आपल्या ४५ डिग्रीच्या मे महिन्यात ती लवकर मान टाकते, म्हणून नवी बॅटरी केवढ्याला पडेल ते आधीच लिहून घ्या. ६८,००० मध्ये ती रक्कम मिळवून मगच किंमत ठरवा. विमा सक्तीचा नसला तरी कुणाला धडक बसली तर भरपाईची जबाबदारी तुमचीच, हेही मिस्टरांना सांगा. आणि २५ च्या वेगाची गाडी वर्धा रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये मला तरी सुरक्षित वाटत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर चांगली गिअरची सायकल घेतली असती. त्याच्या उंचीला बसणारी, पुढे-मागे दिवे आणि हेल्मेट धरून साधारण १८,००० पर्यंत. घरून उज्ज्वलनगर मेट्रो स्टेशन सायकलने, तिथून ऑरेंज लाइनने थेट काँग्रेसनगर, गाडी बदलायचीही गरज नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तर हे स्कूटरपेक्षा बरंच. उरलेल्या पैशातले ९०,००० आजोबांच्याच नावाने एफडीत ठेवा, ज्येष्ठ नागरिक म्हणून त्यांना बहुतेक बँकांत अर्धा टक्का जास्त मिळतो. नॉमिनीचं नाव मात्र त्याच दिवशी भरा.

आजोबांना वाईट वाटेल ही तुमची भीती मी समजू शकतो. नातवाला आपल्या पैशाच्या गाडीवर बघायची त्यांची इच्छा आहे आणि तिला मान द्यायलाच हवा. सायकल घ्यायला त्यांनाच सोबत न्या, पसंती त्यांची असू द्या, आणि एफडीची पावती नातवाला त्यांच्याच हातून दाखवा.

शोरूमचे दोन हजार परत मागा, लेखी अर्ज देऊन. नाही मिळाले तरी त्या दोन हजारांसाठी एक लाखाची गाडी उचलू नका.