सोनोग्राफी झाली, मग सीटी कशासाठी?

प्रश्न : माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या पोटात उजवीकडे खाली दुखू लागले. सोनोग्राफीच्या अहवालात ‘अपेंडिक्स दिसले नाही’ असे लिहिले होते, तरी सर्जननी लगेच सीटी स्कॅन करायला सांगितला. पहिल्या तपासणीत काही सापडले नसताना किरणोत्सर्गाची दुसरी तपासणी खरोखर आवश्यक होती का?

उत्तर : सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसले नाही, याचा अर्थ ते निरोगी आहे असा होत नाही. ध्वनिलहरी हवेतून नीट पुढे जात नाहीत, त्यामुळे आतड्यात वायू असेल, चरबीचा थर जाड असेल किंवा अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेले असेल, तर तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. नेदरलँड्समधील रेडिओलॉजिस्ट पुयलार्ट यांनी १९८६ मध्ये यावर एक साधी युक्ती मांडली. सोनोग्राफीचा प्रोब पोटावर हळूहळू दाबत न्यायचा, म्हणजे मधला वायू बाजूला सरतो आणि निरोगी आतडे चपटे होते, पण सुजलेले अपेंडिक्स दबत नाही. त्याचा व्यास सहा मिलिमीटरपेक्षा जास्त भरला, तर संशय बळावतो. ही पद्धत आजही वापरात आहे. मात्र तिचे यश तपासणाऱ्याच्या अनुभवावर आणि त्याने दिलेल्या वेळेवर फार अवलंबून असते. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी पहिली तपासणी सोनोग्राफीच असावी. गर्भवतीच्या बाबतीत तिच्याने निदान झाले नाही, तर शक्य तेथे एमआरआय करतात.

सीटीमध्ये मात्र अपेंडिक्स बहुतेक वेळा सापडतेच. सीटी सर्रास होण्यापूर्वी केवळ लक्षणांवरून शस्त्रक्रिया केली जाई आणि दर शंभरांपैकी पंधरा-वीस रुग्णांचे काढलेले अपेंडिक्स निरोगी निघे. ते फुटण्याचा धोका पत्करण्यापेक्षा एवढी चूक परवडते, असे तेव्हा मानले जाई. सीटीमुळे हे प्रमाण बरेच खाली आले.

किरणोत्सर्गाविषयीची आपली शंका रास्त आहे. पोटाच्या नेहमीच्या सीटीत साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) एवढी मात्रा मिळते. निसर्गातून आपल्याला वर्षाकाठी मिळणारी मात्रा जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. तरुण वयात याचा विचार करायलाच हवा, आणि संशोधकांनी तो केलाही आहे. दक्षिण कोरियातील १५ ते ४४ वर्षे वयाच्या ८९१ रुग्णांवरील, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या रुग्णांचा सीटी नेहमीच्या मात्रेत केला आणि निम्म्यांचा तिच्या जेमतेम चौथ्या हिश्श्यात. निरोगी अपेंडिक्स काढले जाण्याचे प्रमाण अनुक्रमे ३.२ आणि ३.५ टक्के आले, म्हणजे जवळजवळ सारखेच. तेव्हा कमी मात्रेचा सीटी उपलब्ध आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते आज तेच अधिक महत्त्वाचे आहे. शस्त्रक्रिया करायची की नाही, एवढ्यापुरताच आता सीटीचा उपयोग राहिलेला नाही. अमेरिकेत १,५५२ प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना शस्त्रक्रियेऐवजी प्रतिजैविके देण्यात आली. त्यांच्यापैकी २९ टक्के रुग्णांना पुढील ९० दिवसांत शस्त्रक्रिया करावी लागली. पण अपेंडिक्समध्ये खडा असलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के होते आणि खडा नसलेल्यांत २५ टक्के. केवळ औषधांवर थांबावे का, हे ठरवताना खडा आहे की नाही हे कळणे आवश्यक असते आणि तो सीटीत सर्वांत स्पष्ट दिसतो.

अशा तपासण्यांच्या अचूकतेचे आकडे वाचताना एक गोष्ट पाहावी. तपासणीत दोष आढळला नाही अशा रुग्णावर सहसा शस्त्रक्रिया होत नाही, मग त्याचे निदान बरोबर होते हे कशावरून ठरवायचे? त्याचा काही आठवडे पाठपुरावा करावा लागतो. एखाद्या अभ्यासात फक्त शस्त्रक्रिया झालेलेच रुग्ण मोजले असतील, तर तपासणीने हुकवलेले रुग्ण हिशेबातून गळतात आणि आजार पकडण्याची तिची क्षमता असते त्यापेक्षा जास्त भासते.

प्रश्न : पित्ताशयात खडे आहेत. डॉक्टर सीटीऐवजी एमआरसीपी करायला सांगतात. असे का?

उत्तर : कोलेस्टेरॉलच्या अनेक खड्यांची घनता पित्तासारखीच असल्याने ते सीटीत दिसतच नाहीत. पित्ताशयातील खड्यांसाठी सोनोग्राफी उत्तम. पण पित्त आतड्यात नेणाऱ्या पित्तनलिकेत खडा सरकला असेल, तर तिचा खालचा भाग आतड्यातील वायूमुळे सोनोग्राफीत झाकलेला राहतो. एमआरसीपी हा एमआरआयचाच एक प्रकार असून त्यात पित्तातील पाणीच उजळ दिसते आणि खडा त्यात काळ्या ठिपक्यासारखा उमटतो. त्यासाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट (प्रतिमा ठळक करणारे द्रव्य) द्यावे लागत नाही. पूर्वी निदानासाठीच ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेची तपासणी, करत आणि त्यातून काहींना स्वादुपिंडाचा दाह होई. आता तो उपाय प्रामुख्याने खडा काढण्यासाठी राखून ठेवला जातो.

प्रश्न : संगणकाची कृत्रिम बुद्धिमत्ता पोटाचे स्कॅन रेडिओलॉजिस्टपेक्षा चांगले वाचते, असे ऐकले. मग तज्ज्ञाची गरज उरेल का?

उत्तर : अशा दाव्यांत प्रणाली कोणत्या रुग्णांवर तपासली, हे आधी बघावे. ज्या रुग्णालयाच्या प्रतिमांवर ती शिकली, तिथे ती चोख चालते. यंत्र, कॉन्ट्रास्ट देण्याची वेळ किंवा रुग्णांचा वयोगट बदलला की तिची अचूकता घसरू शकते. शिवाय आजार जितका विरळ, तितके खोटे इशारे अधिक. समजा हजार स्कॅनपैकी पन्नासांत आजार आहे आणि प्रणाली रुग्ण व निरोगी या दोन्ही गटांत नव्वद टक्के अचूक आहे. ती ४५ रुग्ण पकडेल, पण निरोगींपैकी ९५ जणांनाही आजारी ठरवेल. म्हणजे १४० इशाऱ्यांपैकी जेमतेम एक-तृतीयांश खरे. उरलेल्यांची पुन्हा तपासणी करायला माणूसच लागतो.

मोजमापाच्या कामात मात्र संगणक खरोखर उपयोगी पडतो, असे मला वाटते. यकृताचा भाग काढण्यापूर्वी उरणारे यकृत पुरेसे आहे का, हे सीटीवरून काढावे लागते: निरोगी यकृत असेल तर एकूण आकारमानाच्या किमान २० ते ३० टक्के, आणि सिरोसिस (यकृत कडक व व्रणयुक्त होण्याचा आजार) असेल तर सुमारे ४० टक्के भाग उरायला हवा. हे मोजण्यासाठी प्रत्येक छेदचित्रावर यकृताची सीमा हाताने आखणे फार वेळखाऊ असते आणि संगणक ते झटकन करतो. त्याने आखलेली सीमा गाठीजवळ चुकली आहे का, हे मात्र रेडिओलॉजिस्टला पाहावे लागते आणि उरलेला भाग नुसता मोठा आहे की काम करण्याइतका सशक्तही आहे, हे रक्ताच्या व इतर चाचण्यांवरून ठरवावे लागते.