एक्सायटॉन ‘वाहतो’ का?

प्रश्न असा आहे: सेंद्रिय (म्हणजे कार्बनी रेणूंच्या) अर्धवाहकांच्या अतिपातळ थरांतून चालणाऱ्या सौरघटांबद्दल शाळकरी वाचकांसाठी मराठीत लिहिताना ‘एक्सायटॉन’ला ‘उत्तेजक कण’ म्हणावे का, आणि ‘प्रकाश पडल्यावर या अतिपातळ पदार्थात एक्सायटॉन वाहू लागतात’ हे वाक्य चालेल का?

‘उत्तेजक कण’ नको. उत्तेजक म्हणजे दुसऱ्याला चेतवणारा; खेळाडूंच्या चाचणीत सापडते ते उत्तेजक द्रव्य. ‘उत्तेजित कण’ थोडे जवळ जाते, पण उत्तेजित तर अणू, रेणू, इलेक्ट्रॉन कुणीही असते. इथे गोष्ट नेमकी आहे. रेणूने प्रकाश शोषला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो, खाली धनप्रभारासारखी वागणारी पोकळी उरते, आणि ही दोघे एकमेकांच्या ओढीने एकत्र राहतात. ही जोडी म्हणजे एक्सायटॉन. याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९३१ मध्ये ही कल्पना मांडली. इलेक्ट्रॉन आणि फोटॉन आपण जसेच्या तसे घेतले, तसाच हाही घ्यावा, पुल्लिंगीच. आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘इलेक्ट्रॉन व पोकळी यांची बद्ध जोडी’ असे सांगून टाकावे.

‘बद्ध’ हे विशेषण गाळू नका, कारण सेंद्रिय अर्धवाहकांचे वेगळेपण त्यातच आहे. सिलिकॉनमध्ये ही जोडी सुमारे १५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचे एक अतिसूक्ष्म एकक) ऊर्जेने बांधलेली असते आणि खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा त्याच एककात २५ च्या आसपास, त्यामुळे ती आपोआप सुटते. सेंद्रिय पदार्थांचा परावैद्युत स्थिरांक, म्हणजे प्रभारांमधली ओढ पदार्थ किती झाकतो याचे माप, जेमतेम ३ ते ४. सिलिकॉनचा सुमारे १२. विरुद्ध प्रभारांमधली ओढ इथे फारशी झाकली जात नाही, म्हणून जोडी कित्येक शंभर मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टने घट्ट बसते आणि नुसत्या उष्णतेने तुटत नाही.

आता ‘वाहतात’. मराठीत नदी वाहते, वारा वाहतो, वीज वाहते. या क्रियापदाला दिशा आहे, मागून रेटा किंवा पुढून ओढ आहे. एक्सायटॉनवर एकूण प्रभार शून्य, त्यामुळे विद्युतक्षेत्र त्याला कुठल्याच बाजूला ओढून नेत नाही. तो एका रेणूवरून शेजारच्या रेणूवर जातो, तिथून पुढे किंवा पुन्हा मागे. बऱ्याचदा इलेक्ट्रॉन स्वतः जागचा हलतही नाही, फक्त ऊर्जा या रेणूकडून त्या रेणूकडे पोचते. अशा हालचालीला ‘भटकतो’ हे क्रियापद चपखल बसते; पारिभाषिक शब्द हवा असेल तर ‘विसरण’.

क्रियापद चुकले की पुढचे सगळे स्पष्टीकरण चुकते. या पदार्थांत एक्सायटॉन विझण्याआधी साधारण १० नॅनोमीटरच जाऊ शकतो, पण पडलेल्या प्रकाशाचा मोठा भाग शोषायला थर १०० नॅनोमीटरच्या आसपास लागतो. ‘वाहतात’ म्हटले की वाचकाला वाटणार, सगळे विद्युतअग्रापर्यंत (इलेक्ट्रोडपर्यंत) पोचतात. प्रत्यक्षात दोन वेगळ्या पदार्थांच्या सीमेजवळ जन्मलेलेच उपयोगी पडतात, कारण जोडी सुटते ती तिथे. चिंग टँग यांनी १९८६ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीत केलेल्या दोन थरांच्या सौरघटाची कार्यक्षमता १ टक्क्याच्या आसपास होती, आणि त्यामागे ही मर्यादा मोठी होती. पुढे दोन्ही पदार्थ एकमेकांत मिसळून थर देऊ लागले, म्हणजे कुठेही जन्मलेल्या एक्सायटॉनला सीमा हाकेच्या अंतरावर सापडते. फार बारीक मिसळले तरी बिघडतेच: सुटलेल्या प्रभारांना बाहेर पडायला सलग वाट उरत नाही आणि ते वाटेतच पुन्हा एकत्र येतात.

‘अतिपातळ पदार्थ’ हेही बदला. पातळ वरण म्हणतो त्या अर्थाने वाचक ते द्रवरूप समजेल, त्यातून हे थर अनेकदा खरोखरच द्रावणापासून बनवतात. ‘पदार्थाचा अतिपातळ थर’ लिहिले की शंका राहत नाही. मग वाक्य असे होईल:

‘या अतिपातळ थराने प्रकाश शोषला की रेणूंमध्ये एक्सायटॉन तयार होतात. ते शेजारच्या रेणूंवर भटकत राहतात. त्यांतले जे दोन पदार्थांच्या सीमेपर्यंत पोचतात, त्यांचे इलेक्ट्रॉन आणि पोकळी सुटे होतात, आणि त्यानंतर विद्युतप्रवाह वाहू लागतो.’

‘वाहणे’ शेवटी आले, आणि ते प्रभारांसाठी आले.

लेखात ओएलईडी पडद्याचा (सेंद्रिय थरांतून प्रकाश देणाऱ्या पडद्याचा) उल्लेख असेल तर तिथे क्रम उलटा: प्रभार वाहत येतात, थरात भेटून एक्सायटॉन बनवतात आणि त्यातून प्रकाश निघतो. पण ‘प्रत्येक एक्सायटॉन प्रकाश देतो’ असे लिहू नका. असे बनलेल्या चारांपैकी साधारण तीन ट्रिपलेट अवस्थेत (इलेक्ट्रॉनांच्या फिरकीची अशी मांडणी, जिच्यातून प्रकाश सहजी निघत नाही) असतात, आणि साध्या अनुस्फुरक (फ्लुओरेसंट) पदार्थांत त्यांची ऊर्जा बहुतांशी उष्णतेत जाते. इरिडियम किंवा प्लॅटिनमची संयुगे वापरली तर तेही उजळतात. शिवाय ‘निर्माण होणारा प्रकाश’ आणि ‘बाहेर पडणारा प्रकाश’ हे दोन शब्दप्रयोग अदलाबदलीने वापरू नयेत: थरांचा अपवर्तनांक १.७ ते १.८, म्हणजे हवेपेक्षा बराच जास्त, असल्यामुळे सपाट काचेवरच्या साध्या रचनेत तयार झालेल्या प्रकाशाचा जेमतेम पाचवा हिस्सा बाहेर येतो, बाकीचा आतल्या आत परावर्तित होत थरांत आणि काचेत अडकतो किंवा धातूच्या विद्युतअग्रात शोषला जातो.