सायप्रेसच्या टेस्ट जावास्क्रिप्टमधून चालवल्या की फेल होऊनही स्क्रिप्ट 'यशस्वी' का म्हणते?

म्हणजे लासलगाव, पिंपळगाव, येवला इथले कांद्याचे भाव दाखवणारी तुमची साइट आहे. सायप्रेस, म्हणजे वेबसाइट आपोआप तपासणारं साधन, वापरून लिहिलेल्या तिच्या टेस्ट नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्क्रिप्टमधून रोज पहाटे चालतात, आत टेस्ट फेल झाल्याचं लाल दिसतं, आणि स्क्रिप्ट मात्र 'सगळं ठीक' लिहून मोकळी होते.

मी नाशिकमध्येच टेस्टिंगचं काम करतो. हा घोळ नव्या टीममध्ये हटकून दिसतो. सायप्रेसच्या 'रन' फंक्शनचं प्रॉमिस (काम संपल्यावर निकाल देणारं ऑब्जेक्ट) फक्त रन संपल्याचं कळवतं. टेस्ट पडल्या तरी ते रिझॉल्व्हच होतं, म्हणजे 'काम झालं' असंच सांगतं, त्यामुळे चूक पकडणाऱ्या तुमच्या कॅच ब्लॉकपर्यंत काही पोचतच नाही. लिलाव संपला म्हणजे माल विकला गेला असं थोडंच असतं?

खरी माहिती परत येणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये असते. आधी स्टेटस बघा. ते 'फेल्ड' असेल तर टेस्ट चालल्याच नाहीत. स्पेक फाइल (टेस्ट लिहिलेली फाइल) सापडली नाही वगैरे कारण मेसेजमध्ये मिळेल. मग 'टोटलफेल्ड', म्हणजे पडलेल्या टेस्टची संख्या, बघा आणि तो आकडा शून्याहून जास्त असेल तर प्रोसेसचा एक्झिट कोड (संपताना ती देते तो आकडा, शून्य म्हणजे यश) १ करा. बरेच जण पडलेल्या टेस्टची संख्याच एक्झिट कोड म्हणून देतात. एरवी चालतं, पण लिनक्सवर हा कोड २५५ नंतर पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे बरोब्बर २५६ टेस्ट पडल्या तर पाइपलाइन (टेस्ट आपोआप चालवणारी साखळी) हिरवी! इतकी वेळ कुणावर येत नसेल, तरी १ लिहायला काय जातं?

प्रत्येक बाजार समितीसाठी वेगळा रन हवा असेल तर तिचं नाव 'रन'च्या 'एन्व्ह' ऑप्शनमधून द्या आणि साध्या फॉर लूपमध्ये अवेट (आधीचं काम संपेपर्यंत थांबवणारा शब्द) लावून एकेक रन घ्या. फॉरईच नको, ते अवेटसाठी थांबत नाही, सगळे रन एकदम सुटतात आणि मशीन धापा टाकतं.

विचारलं नाहीत तरी सांगतो. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल तर आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालचीच तारीख असते. 'आजचे भाव' तपासणारी टेस्ट तेवढ्यानेही पडेल. स्क्रिप्ट सुरू करण्याआधीच टाइमझोन ठरवणारं टीझेड व्हेरिएबल 'एशिया/कोलकाता' ठेवा.

सायप्रेसऐवजी टेस्टकॅफे हे तसलंच साधन वापरलंत तर त्याचं 'रन' पडलेल्या टेस्टची संख्या थेट हातात देतं, फक्त शेवटी 'क्लोज' करावं लागतं. प्लेराइट या आणखी एका साधनाचा रनर (टेस्ट चालवणारा भाग) मात्र मी चाइल्ड प्रोसेस म्हणून, म्हणजे स्क्रिप्टमधून वेगळा प्रोग्रॅम म्हणून, कमांडनेच सुरू करतो आणि त्याचा एक्झिट कोड वाचतो. तपशील हवा असेल तर निकाल जेसन फॉरमॅटमध्ये लिहिणारा जेसन रिपोर्टर लावतो.