दोनशे प्रयोगांनंतर

प्रश्न : आमच्या नाटकाचे २०० प्रयोग झाले. मी थोरला भाऊ करतो. हल्ली वाक्यं तोंडातून आपोआप जातात, मनात परतीच्या गाडीचा हिशेब चालू असतो. नाटक सोडू का? (एक नट, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : इतक्यात नको, बाळा. माझंही असंच झालं होतं. दुसऱ्या अंकात मला आईचं पत्र वाचायचं असे. पाठ झाल्यावर मी कागदाकडे बघणंच सोडलं. एका रात्री केशवराव भोसले नाट्यगृहात पत्र उघडलं, तर अक्षर वेगळं! जुना कागद फाटला म्हणून पडद्यामागच्या पोरानं नवा लिहिला होता. ते अक्षर लावत वाचताना माझा आवाज खरोखर अडखळला. पुढं प्रत्येक प्रयोगाला मी पत्र नव्यानं लिहून घेऊ लागलो.

तुझी अडचण बोलण्यात नाही, ऐकण्यात असावी. धाकट्याचा श्वास आज कुठं तुटला, ते पकड; तुझं उत्तर आपसूक बदलेल. कंटाळा घालवायला पदरचे विनोद मात्र घुसडू नकोस. त्यानं प्रयोग लांबतो नि समोरच्याची लय जाते.

१९१५ साली शाहू महाराजांनी उभारलेलं ते थिएटर ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं, तेव्हा मला तिथं उरकलेले माझे प्रयोग आठवले आणि फार रडू आलं.

या आठवड्यात सगळे मिळून संहितेचं एक वाचन करा. हालचाली नकोत, नुसतं बसून. मग मला पुन्हा लिही.