अंगठ्याचं नख रुतलंय? कोपरा खणू नकोस

नख मांसात रुतलं की पहिला मोह होतो कोपरा खोलवर कापून टाकायचा. पार्लरमध्येही बहुतेकदा तेच करतात. दोन दिवस बरं वाटतं, मग आत राहिलेलं टोक वाढत पुन्हा घुसतं. नख सरळ आडवं काप, फार आखूड नको.

नुसतं दुखत असेल, पू नसेल, तर घरी जमतं. दिवसातून 3-4 वेळा 10-15 मिनिटं पाय कोमट पाण्यात ठेव, नीट कोरडा कर आणि नख मऊ असतानाच कडेखाली कापसाची बारीक वात सरकव. वात रोज नवी. ऑफिसचे निमुळते बूट काही दिवस कपाटात. (उघडी सँडल घालून गर्दीच्या लोकलमध्ये शिरणं म्हणजे वेगळीच परीक्षा, पण इलाज नाही.)

पावसाळ्यात जास्त जप. मुंबईत हिंदमातासारख्या ठिकाणी तुंबलेल्या पाण्यात असा पाय घालू नकोस, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू जखमेतून सहज शिरतात. चालावंच लागलं तर पाय साबणाने धू आणि 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखव, गोळी द्यायची का ते ठरवतील.

पू, पसरणारी लाली किंवा मधुमेह असेल तर घरचे प्रयोग बंद. पायाचे खास डॉक्टर आपल्याकडे कमीच. जनरल सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांची ओपीडी आहेच. अंगठा बधिर करून फक्त रुतलेली पट्टी काढतात. फेनॉल या रसायनाबद्दल जरूर विचार: ते मुळाशी लावलं की ती कड सहसा परत उगवत नाही. इंजेक्शन तेवढं झोंबतं.