शेजारी सोलर प्रकल्प येतोय, प्लॉट विकावा का?

प्रश्न : शिरूर तालुक्यात आमचा अकरा गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट आहे. निवृत्तीनंतर तिथे छोटं घर बांधायचा विचार होता. आता बांधाला लागूनच सोलर प्रकल्प येतोय. एजंट म्हणतो, "काका, भाव निम्म्यावर येणार, आत्ताच देऊन टाका. गिऱ्हाईक तयार आहे." काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : विसार घेतला नसेल तर घेऊ नका. भाव निम्म्यावर येणार असतील, तर हे गिऱ्हाईक आत्ता पैसे घेऊन का उभं आहे?

माझं आयुष्य जमिनींच्या मूल्यांकनात गेलं, आणि घाबरून दिलेल्या जमिनींची मला फार हळहळ वाटते. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०२३ मध्ये सहा राज्यांतले सुमारे १८ लाख घरांचे व्यवहार तपासले. मोठ्या सौर प्रकल्पापासून अर्ध्या मैलाच्या आतली घरं दोन-चार मैलांवरच्या घरांच्या तुलनेत सरासरी दीड टक्क्याने स्वस्त गेली. एका मैलापलीकडे फरक दिसला नाही. ही घट जाणवली ती शेतजमिनीवरच्या प्रकल्पांजवळ, आणि तुमचा प्लॉट तशाच जागी आहे. तिकडचा आकडा शिरूरला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण दीड टक्का कुठे आणि निम्मा भाव कुठे!

पॅनेलना धूर नाही, रात्री आवाज नाही. मला काळजी तारांची वाटते. प्रकल्पातली वीज उपकेंद्रापर्यंत न्यायला लाइन टाकावी लागते. ती तुमच्या प्लॉटवरून गेली, तर तारांखाली बांधकाम करता येणार नाही आणि उद्याचं गिऱ्हाईक तिथेच अडेल. म्हणून ग्रामपंचायतीत आणि महावितरणच्या कार्यालयात जाऊन लाइनचा मार्ग विचारा. दुसरं, पावसाचं पाणी. जमीन सपाट करताना ओघळ बुजवले जातात आणि पाणी शेजाऱ्याकडे वळतं. आत्ताच फोटो काढून ठेवा, ओघळ मोकळा ठेवण्याबद्दल प्रकल्पवाल्यांना लेखी अर्ज द्या, एक प्रत तहसीलदारांना द्या आणि दोन्हींची पोच जपा.

भाव एजंटच्या तोंडून ऐकू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव आणि गट नंबर टाकून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या खरेदी-विक्रीचा उतारा, काढा. आजूबाजूचे प्लॉट खरेच कितीला गेले, ते त्यात मोबदल्याच्या रकान्यात दिसेल.

आणि शेजारच्या शेतकऱ्याचा राग धरू नका. त्याची जमीन मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गेली असेल, तर त्याला एकरी वर्षाला ५० हजार भाडं मिळतं, दरवर्षी ३ टक्के वाढीसह. शिवाय ही योजना आहेच शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी. रात्री-अपरात्री अंधारात मोटार चालू करायला जाणाऱ्याला त्याचं मोल विचारा.

घर बांधायचंच असेल तर बसायची बाजू प्रकल्पाकडे ठेवू नका. बांधापासून थोडं आत करंज लावा, म्हणजे सावली पॅनेलवर पडून तंटा होणार नाही. लाइनचा मार्ग कळेपर्यंत मात्र पायाही खणू नका आणि प्लॉटही विकू नका.