आर-१ची पाच वर्षे संपत आली आणि आय-३६० अजून दाखलच नाही

पंचवटीतील एका पुरोहितांनी विचारले आहे : त्यांचे चिरंजीव न्यू जर्सीतील एका मंदिरात आर-१ या धार्मिक सेवकांच्या तात्पुरत्या व्हिसावर पुजारी आहेत, पाच वर्षे पूर्ण व्हायला आठ महिने उरले आहेत, आणि ‘ग्रीन कार्डाचे बघू’ असे विश्वस्त पहिल्यापासून तोंडी सांगत आले आहेत, तर आता मुदतवाढ मिळेल का? नाशिक-त्र्यंबकेश्वरहून परदेशातील मंदिरांत गेलेल्या अनेकांच्या घरून हाच प्रश्न येतो.

मुदतवाढ मिळणार नाही. पाच वर्षे ही कमाल मर्यादा आहे. या काळात चिरंजीव सुट्टीसाठी भारतात आले असतील, तर अमेरिकेबाहेर घालवलेले दिवस पारपत्रावरील शिक्के दाखवून परत मागता येतात, एवढीच सवलत आहे. पूर्वी पाच वर्षांनंतर एक वर्ष बाहेर राहणे सक्तीचे होते. ती अट जानेवारी २०२६मध्ये अंतरिम नियमाने काढली गेली. देश मात्र सोडावाच लागतो.

आपल्या प्रकरणाचा सगळा निकाल आय-३६० या, धार्मिक सेवकाच्या ग्रीन कार्डासाठीच्या पहिल्या अर्जावर आहे, आणि तो दाखलच झालेला नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेतील क्रमांक हा अर्ज दाखल झाल्याच्या तारखेवरून ठरतो. धार्मिक सेवक ज्यात मोडतात त्या ईबी-४ या ग्रीन कार्ड वर्गात प्रतीक्षा काही वर्षांची झाली आहे. त्यामुळे आज अर्ज केला तरी आठ महिन्यांत ग्रीन कार्ड हाती येईल, असे मी सांगणार नाही. तरीही अर्ज चिरंजीव तिथे सेवेत असतानाच झाला पाहिजे. कारण अर्जाच्या लगतपूर्वीची दोन वर्षे सलग धार्मिक काम केलेले असणे ही त्यातील अट आहे. आज ती सहज पूर्ण होते. उद्या ते नाशिकला परतले, चार-सहा महिने घरी बसले किंवा दुसऱ्या व्यवसायात पडले, तर ती साखळी तुटते आणि दोन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. चार वर्षांत विश्वस्तांकडून एक ओळ लेखी मागून घेतली असती, तर हा प्रश्नच उभा राहिला नसता. ज्या घरात मुहूर्त घटका-पळांत काढला जातो, त्या घराने ही तारीख वाऱ्यावर सोडावी याचे मला खरोखर वाईट वाटते.

या दोन वर्षांचा पुरावा पगाराच्या कागदांतून सिद्ध होतो. मंदिराने दरवर्षी दिलेले डब्ल्यू-२ हे वार्षिक पगाराचे व कापलेल्या कराचे पत्रक आणि भरलेले कर विवरण हाती हवे. चिरंजीव शनिवार-रविवारी यजमानांच्या घरी स्वतंत्रपणे सत्यनारायण सांगून दक्षिणेची पाकिटे घेत असतील, किंवा नवरात्रात दुसऱ्या मंदिरात मानधनावर गेले असतील, तर ते आजच थांबवावे. आर-१वर ज्या संस्थेने अर्ज केला तिच्याच सेवेत राहता येते, आणि परवानगीविना केलेले काम पुढे अमेरिकेतच राहून ग्रीन कार्ड घेताना आड येऊ शकते. असे काही घडले असल्यास तिथल्या वकिलाला आधीच सांगावे. धार्मिक सेवकांसाठी १८० दिवसांपर्यंतच्या चुकीला काही सूट आहे, पण ती लागू होईल की नाही हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

मंदिराने त्यांना ‘मिनिस्टर’ म्हणजे धार्मिक विधी चालवण्याचा अधिकार असलेले धर्माधिकारी म्हणून दाखवले आहे की अन्य धार्मिक कर्मचारी म्हणून, हेही विचारून घ्यावे. दुसऱ्या वर्गाची तरतूद अमेरिकी काँग्रेस वेळोवेळी वाढवत असते, त्यामुळे ग्रीन कार्ड मिळेपर्यंत ती चालू राहते का हे पाहावे लागेल.

आय-३६० कर्मचाऱ्याला स्वतःही दाखल करता येतो. परंतु मंदिराचे सहीचे प्रतिज्ञापत्र आणि करमुक्त संस्था असल्याचा दाखला त्याला जोडावाच लागतो. तेव्हा चिरंजीवांनी या आठवड्यातच विश्वस्तांकडे या दोन कागदांची लेखी मागणी करावी, उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत घालावी, आणि पारपत्रावरील व्हिसाच्या तारखेवर विसंबून न राहता आय-९४ या अमेरिका-प्रवेशाच्या नोंदीवरील मुक्कामाची शेवटची तारीख मला कळवावी.